महिन्याला चौदा रुपये जास्त

बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी, म्हणजे आमच्या बाजाराच्या दिवशी, ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत बसून मी लोकांचे अर्ज भरून देतो. बहुतेक कामं हयातीचा दाखला, केवायसी, पासबुकातल्या नावातला काना-मात्रा अशी असतात. हे प्रकरण त्यातलं नाही. यात कोणीही लबाडी केली नाही, कोणी लाच घेतली नाही, बहुतेक सगळे नियमाने वागले, आणि तरी घरात एक रुपया आला नाही. यात माझीही एक चूक आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

नावं-गावं गाळली आहेत. बाईंना आक्का म्हणू, त्यांच्या यजमानांना तात्या. पुणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, भोवती ऊस. जमीन नाही, गावठाणात दोन खोल्या, त्यातल्या एकीवर स्लॅब. मुलगी दिल्या घरी. मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटावर, त्याचं रेशन कार्ड वेगळं. दिवाळीला येतो, जमेल तसं देऊन जातो.

तात्या साखर कारखान्यात होते. आधी रोजंदारीवर, तेव्हा फंडात नाव नव्हतं. कायम झाले ते 1995 च्या हंगामात. ईपीएस 95 ही कामगारांची पेन्शन योजना त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला सुरू झाली, म्हणजे तात्या आणि योजना एकदमच कामाला लागले. गुरुजींनी शाळेत घातलेली जन्मतारीख 1 जून 1956, त्यामुळे 31 मे 2014 ला निवृत्त. साडेअठरा वर्षं भरली. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 19.

या पेन्शनचा हिशेब सरळ आहे. पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70. पगार मात्र खरा धरत नाहीत, मर्यादेपर्यंतचा धरतात. ती मर्यादा तेव्हा 6,500 होती. 1 सप्टेंबर 2014 पासून ती 15,000 झाली, पण तात्या तीन महिने आधीच बाहेर पडले होते. 6,500 गुणिले 19 भागिले 70, म्हणजे 1,764 रुपये. त्यांच्या पासबुकात जुलै 2014 लाही 1,764 आहेत आणि परवाच्या महिन्यातही 1,764. या योजनेत महागाई भत्ता नाही. त्याच सप्टेंबरमध्ये किमान पेन्शन 1,000 ठरली, तीही तिथेच आहे. बुलढाण्यात पेन्शनर मंडळी 7,500 आणि महागाई भत्ता मागत वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसली आहेत. तात्याही एकदा जाऊन दोन दिवस बसून आले.

आक्का आयुष्यभर खुरपणीला गेल्या. आता गुडघे गेले. 2024 च्या जुलैपासून त्यांना ‘लाडकी बहीण’चे महिना 1,500 सुरू झाले. केशरी कार्ड असल्याने उत्पन्नाचा दाखलाही लागला नाही. सहा हप्ते आले, 9,000 रुपये. त्यातून चष्मा झाला, गुडघ्याच्या गोळ्या झाल्या आणि एक प्रेशर कुकर. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून ठेवलेलं पासबुक आक्का मला दाखवायच्या ते खात्यात किती आहेत हे सांगायला नव्हे. “माझ्या नावावर आलेत,” एवढंच म्हणायच्या.

अडचण

सातवा हप्ता आला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पाच लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर झालं, त्यात वयाची पासष्टी ओलांडलेल्या 1 लाख 10 हजार होत्या. आक्का त्यातल्या एक. आधारवर त्यांची जन्मतारीख 1 जानेवारी 1960.

“एक तारखेला रात्रीतून म्हातारी झाले बघा भाऊसाहेब,” आक्का म्हणाल्या.

पासष्टीनंतर लाडकी बहीण नाही, हे एक वेळ समजू शकतं, कारण पुढे वृद्धांसाठीची श्रावणबाळ पेन्शन योजना आहे. पैसेही तेवढेच, 1,500. पण लाडकी बहिणीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं आणि श्रावणबाळला 21,000 पर्यंत. म्हणजे चौसष्ट वर्षं अकरा महिन्यांची बाई अडीच लाखांपर्यंत गरीब, आणि महिनाभराने तीच बाई गरीब ठरायला एकवीस हजारांच्या आत यावी लागते. एक योजना महिला व बालविकास विभागाची, दुसरी सामाजिक न्यायाची. दोघांच्या मधल्या दरीत कोण पडतं, हे बघायला तिसरा विभाग नाही.

एकवीस हजार म्हणजे किती, हेही एकदा मोजून घ्या. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, पूर्ण घराला. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे 68 दिवस रोहयोवर गेलेला माणूस या मर्यादेबाहेर गेला. रोहयोचा कायदा मात्र तेव्हा हमी द्यायचा 100 दिवसांची. सरकारने दिलेला शब्द सरकारने पूर्ण केला की सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून नाव उडतं.

काय काय करता येत होतं

पहिली वाट जन्मतारखेची. आक्कांनी सहज बोलताना सांगितलं, “आई म्हणायची, पानशेत फुटलं त्याच्या आधी महिना-दीड महिना तू झालीस.” पानशेतचं धरण फुटलं 12 जुलै 1961 ला. त्यांचं माहेर वेल्ह्याच्या बाजूचं, तिथे ही तारीख कोणी विसरत नाही. मग 1960 कुठून आलं? 2012 च्या सुमारास गावात आधारचं शिबिर भरलं, मशीनवरच्या पोराने विचारलं, “आजी, वय किती?” आक्का म्हणाल्या, “असेल बावन्न.” झाली एक जानेवारी. खरं वय धरलं तर त्यांची पासष्टी 2026 च्या जूनमध्ये, तोवर त्या लाडक्या बहिणीच.

दुसरी वाट श्रावणबाळची. आधारवर 65 आहेतच, तर तोच अर्ज करायचा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही. पण ती यादी 2002 च्या सर्वेक्षणावरची. तेव्हा तात्या कारखान्यात कायम, नाव असणार कुठून. म्हणजे उत्पन्नाचा दाखला लागणारच.

तिसरी वाट तहसीलबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसलेल्या एजंटने सांगितली. “पेन्शन लिहायचीच नाही. एकवीस हजारी दाखला करून देतो, दोन हजार लागतील.” आमच्या भागात ‘एकवीस हजारी’ हा शब्दच पडून गेला आहे. हा दाखला गावात निम्म्या घरांत निघेल, आणि त्यातल्या कुणालाही मी लबाड म्हणणार नाही. साडेसत्तावन्न रुपयांत कोणी जगत नाही हे दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं.

चौथी वाटही त्यानेच सुचवली. आक्का नवऱ्यापासून वेगळ्या राहतात असं दाखवायचं, कार्ड वेगळं करायचं. आक्का खुर्चीतून उठल्याच. “बेचाळीस वर्षं संसार केला, आता पंधराशे रुपयांसाठी कागदावर काडीमोड घेऊ?” ही वाट तिथेच बुजली.

पाचवी वाट मला उशिरा सुचली. तात्या स्वतः 69 वर्षांचे. त्यांच्याच नावाने श्रावणबाळ का करू नये? “पेन्शनरला दुसरी पेन्शन मिळत नाही” या समजुतीने त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

काय केलं

मी जन्मतारखेला हात घातला. ती खरी होती, कागद मिळण्यासारखा होता आणि (कबूल करतो) शोधायला मजाही वाटत होती. मार्चमध्ये आक्कांच्या माहेरच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटाच्या तळातून जनरल रजिस्टर काढलं, पानं पापडासारखी. आक्का दुसरीपर्यंत शिकलेल्या. नोंद सापडली: 1 जून 1961. तात्यांसारखीच गुरुजींची एक जून, पण वर्ष तरी पानशेतचं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव जुळवायला राजपत्र करावं लागलं. आधार केंद्राने पहिल्या खेपेला कागद परत केले, दुसऱ्या खेपेला घेतले. एप्रिलअखेर नवी तारीख आली. मी पेढे मागितले.

मग लाडकी बहीणकडे गेलो. नवे अर्ज बंद, बंद झालेला लाभ वय दुरुस्तीवरून परत सुरू करायचा रकाना कुठे नाही. तालुक्याच्या कार्यालयात तक्रार दिली. तिथल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं, अर्ज वर पाठवला. तो वरच आहे.

आणि त्या जिन्यावरून उतरताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आक्का आता त्रेसष्ट वर्षांच्या. श्रावणबाळला 65 पूर्ण लागतात. जुन्या तारखेने त्या एका योजनेला म्हाताऱ्या होत्या, नव्या तारखेने दुसरीला तरुण. जन्मतारीख आधारवर एकदाच बदलता येते. मी त्यांना दोन्हीकडून बाहेर काढलं होतं.

तात्यांना हे सांगायला मला दोन मंगळवार लागले. ते म्हणाले, “असू द्या, खरं होतं ते लिहिलं.”

मग तात्यांचा अर्ज. तलाठ्याकडे उत्पन्नाची चौकशी. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच) चांगला पोरगा आहे. त्याने सवयीने विचारलं, “एकवीस लिहू ना?” तात्या म्हणाले, “मला पेन्शन आहे.” पासबुक पुढे केलं. त्याने मोबाइलवर गुणाकार केला. 1,764 गुणिले 12, म्हणजे 21,168.

“तात्या, सांगितलंतच कशाला हो?”

168 रुपये वर. दाखला 21,168 चा निघाला. तहसीलच्या संजय गांधी शाखेत खिडकीवरच्या माणसाने तो बघून अर्ज परत दिला. नायब तहसीलदारांना भेटलो. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि मला त्यात खोट काढता आली नाही: “मर्यादा एकवीस हजार आहे. आज 168 सोडले तर उद्या 500 वाला येईल. त्याला काय सांगू?”

तात्या बाहेर येऊन बाकावर बसले आणि त्यांनी हिशेब केला. 168 भागिले 12, चौदा. दुसऱ्या आठवड्यात ते माझ्याकडे एक अर्ज घेऊन आले, स्वतःच्या अक्षरात, फुलस्केप कागदावर. पेन्शन कार्यालयाला उद्देशून. “माझ्या मासिक पेन्शनमधून चौदा रुपये कमी करून मला 1,750 रुपये द्यावेत, ही नम्र विनंती.”

मी म्हटलं, “तात्या, असं होत नसतं.”

“जास्तीचं मागितलं तर देत नाहीत, हे कळतं. कमी मागितलं तर का देणार नाहीत?”

आम्ही खरंच पुण्याला गेलो. आवक खिडकीवरच्या मुलीने अर्ज दोनदा वाचला, हसली नाही, शिक्का मारून पोच दिली. पेन्शन घटवून घ्यायची तरतूद नाही हे तिने तोंडी सांगितलं.

जाताना एसटीत तात्यांच्या हातात मार्चमधल्या एका वर्तमानपत्राचं घडी घातलेलं पान होतं. खासदारांचं वेतन 1 लाखावरून 1 लाख 24 हजार, माजी खासदारांची पेन्शन 25,000 ची 31,000, आणि तेही 1 एप्रिल 2023 पासून, मागल्या तारखेने. तात्यांचा प्रश्न होता, यांना महागाई निराळी लागते का? मी त्यांना सांगितलं की 2018 पासून खासदारांचं वेतन महागाईच्या निर्देशांकाला बांधलेलं आहे, दर पाच वर्षांनी आपोआप वाढतं, त्यामुळे सभागृहात हात वर करायची वेळ येत नाही. ते गप्प बसले. मग म्हणाले, “वाईट नाही पद्धत. आम्हालाही तशीच बांधा.”

हा मुद्दा मला पटतो, म्हणून इथे थोडा थांबतो. आपल्याकडे माजी आमदाराला महिना 50,000 पेन्शन आहे. पाच वर्षांच्या पुढे जितकी वर्षं, तितके दर वर्षामागे दोन हजार आणखी. ऑगस्ट 2016 मध्ये हे विधेयक फारशा चर्चेविना मंजूर झालं. तिथे उत्पन्नाचा दाखला नाही, तलाठी नाही, पंधरा वर्षं राज्यात राहिल्याचा पुरावा नाही. लोक चिडतात ते रकमेवर. माझा राग तेवढा रकमेवर नाही. पक्ष, पैसा, कारखाना काहीही मागे नसलेले जुने आमदार मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाचं म्हातारपण त्या पेन्शनवरच निभावलं. पगार नसेल तर राजकारणात फक्त पैसेवालेच राहतील, हेही खरं. आणि सगळ्या माजी आमदारांची पेन्शन उद्या थांबवली तरी राज्यातल्या सगळ्या वृद्धांचे पंधराशेचे दोन हजारसुद्धा होणार नाहीत, तेवढा तो आकडाच नाही. मला खुपतं ते एवढंच की वरच्याला पद भूषवलं हे पुरतं आणि खालच्याला मी गरीब आहे हे दरवर्षी शाबीत करावं लागतं. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा 2006 पासून 200 रुपये आहे, ऐंशीच्या आतल्यांना. त्याला कुठला निर्देशांक बांधलेला नाही. राज्य आपल्या खिशातून भर घालून ते पंधराशे करतं.

तात्यांची पेन्शन खासदारांइतकीच, 24 टक्के वाढली असती तर 2,187 झाली असती. मग ते एकवीस हजारांच्या पाच हजार बाहेर गेले असते. म्हणजे मर्यादा जागची हलवल्याशिवाय नुसती पेन्शन वाढवणंसुद्धा या घराला पुरेसं नव्हतं.

काय झालं

हे लिहितो आहे ते 2025 च्या डिसेंबरात. आक्कांना वर्षभरात काही मिळालं नाही. सप्टेंबरमध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली. मोठ्या आशेने आधार क्रमांक टाकला, तो पात्र यादीत नसल्याचं उत्तर आलं. तात्यांचा श्रावणबाळचा अर्ज झालाच नाही. दोघांचं मिळून दहा किलो धान्य रेशनवर येतं, ते चालू आहे.

आक्का आता कांद्याच्या वखारीत निवडायला जातात. बसून काम, म्हणून गुडघ्यांना चालतं असं त्या म्हणतात. संध्याकाळी उठताना खांबाला धरून उठतात, ते मी पाहिलं आहे. त्या कामाची मजुरी रोख हातात मिळते. ती कुठल्याच पासबुकात दिसत नाही, त्यामुळे ती उत्पन्न नाही. सरकारच्या लेखी या घराचं उत्पन्न अजूनही 21,168 च आहे.

परत करायचं झालं तर

आधारला हात लावण्याआधी दोन्ही योजनांच्या वयाच्या अटी एका कागदावर समोरासमोर लिहायला हव्या होत्या. पाच मिनिटांचं काम. जुनी तारीख ठेवून श्रावणबाळचा प्रयत्न आधी केला असता, तर तोही 168 रुपयांवरच अडला असता, हे खरं. पण मग खरी तारीख हा पत्ता हातात राहिला असता आणि कधी टाकायचा ते आक्कांनी ठरवलं असतं. मी त्यांना नीट विचारलंही नव्हतं. “चूक दुरुस्त करू या का?” असं विचारलं होतं, त्याला नाही कोण म्हणेल.

तहसीलच्या खिडकीवरून अर्ज हातात परत घेतला, ही दुसरी चूक. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाने तर ती करूच नये. तोंडी नकाराला अपील नसतं. ऑनलाइन अर्ज भरून, क्रमांक घेऊन, लेखी नामंजुरी मागायला हवी होती. ती असती तर तालुक्याच्या समितीपुढे आणि वर दाद मागायला काही कागद राहिला असता. आज आमच्याकडे लेखी पुरावा आहे तो एकच, चौदा रुपये कमी करा या अर्जाची पोच.

एजंटकडे जायला हवं होतं का? मला संघातल्या दोघांनी हे विचारलं. पासबुकात दर महिन्याला फंडाची नोंद पडते, आधार सगळीकडे जोडलेलं आहे, आज ना उद्या वसुली निघाली असती. हे झालं व्यवहाराचं उत्तर. ज्याच्या उत्पन्नाला कागद नाही त्याला हा धोका नसतो, म्हणूनच त्याचा दाखला निघतो. तात्यांचं वेगळं उत्तर होतं, ते त्यांनी तलाठ्यासमोर देऊन टाकलं होतं.

31 मार्चला दाखल्याची मुदत संपेल. एप्रिलमध्ये नवा काढू, यावेळी ऑनलाइन. 1 जून 2026 ला आक्का कागदावरही पासष्टच्या होतील, तेव्हा दोघांचे अर्ज एकदम टाकायचे असं ठरवलं आहे. पेन्शन तोवर 1,764 च असणार, त्यात कोणाला शंका नाही. तात्या दर मंगळवारी खोलीच्या दारातून डोकं आत घालतात आणि विचारतात, “चौदाचं काही आलं का?”